रिपोर्टच्या लिंकला कुलूप आहे का?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मोताळ्यात आमच्या शेजारच्या काकू हातात मोबाइल घेऊन आल्या. "पाह्य बरं बापू, थायराइडचं काय आलं ते. मले तं हे बारीक अक्षर दिसतच नाही." रक्त तपासायला दिले होते, तपासणी बाहेरगावच्या मोठ्या प्रयोगशाळेत झाली होती आणि संध्याकाळी मोबाइलवर मेसेज आला होता : आपला अहवाल तयार आहे, पाहण्यासाठी खालील लिंकवर जा.

ही सोय किती मोठी आहे, ते मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्यालाच कळते. पूर्वी रक्त द्यायला एक दिवस जायचा आणि रिपोर्ट आणायला दुसरा. एसटीने एक तर मलकापूर गाठायचे, नाही तर राजूर घाट चढून बुलढाणा. दोन्हीकडे वीस-पंचवीस किलोमीटर. कापूस वेचणीच्या दिवसांत तो दुसरा दिवस कोणाला परवडत नसे, आणि मग रिपोर्ट आठवडाभर तिकडेच पडून राहायचा. आता नमुना इथे घेतला जातो, तो जळगाव, अकोला किंवा त्याहून लांब जातो आणि कागद मात्र हवेतून परत येतो. या बदलाला नावे ठेवण्याचा माझा अजिबात विचार नाही.

काकूंच्या मोबाइलची काच तडकलेली होती. म्हणून ती लिंक मी माझ्या फोनवर पाठवून घेतली आणि उघडली. रिपोर्ट लगेच समोर आला. वरती काकूंचे पूर्ण नाव, वय, पाठवणाऱ्या डॉक्टरांचे नाव, खाली टीएसएचचा आकडा. थायराइड थोडा वाढला होता, घाबरण्यासारखे काही नव्हते. ते सांगून झाल्यावर माझ्या लक्षात आले, की या लिंकने मला काहीच विचारले नाही. ना मोबाइल नंबर, ना ओटीपी, ना पासवर्ड. दुसऱ्या दिवशी घरच्या संगणकावर, जिथे काकूंचा काडीचा संबंध नाही, तीच लिंक टाकून पाहिली. उघडली. पंधरा दिवसांनी पाहिली. तरीही उघडली.

गंमत म्हणजे त्या प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर 'रुग्ण लॉगिन' नावाचे देखणे पान होते. नाव टाका, पासवर्ड टाका, मग तुमच्या रिपोर्टांची यादी दिसते. म्हणजे दारावर कुलूप होते. काकूंना हे सांगितले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला : "म्हंजे हे कोनालेही दिसते काय?"

या प्रश्नाचे उत्तर देताना सर्व्हर, पीएचपी, सेशन असे शब्द टाळता येणार नाहीत. पण त्यांत अवघड काही नाही. तहसील कार्यालयाची पायरी चढलेल्या कोणालाही ते समजेल.

तहसिलीतल्या अभिलेख कक्षाचे उदाहरण घ्या. जुन्या सातबाऱ्याची, फेरफाराची नक्कल हवी असली की आपण कपाटाजवळ जात नाही. खिडकीवर अर्ज देतो. कारकून अर्ज पाहतो, नोंद करतो, आत जातो, गठ्ठा सोडतो, नक्कल काढून आपल्या हातात देतो. मूळ दप्तर आतच राहते. आता कल्पना करा, की खिडकीवर कारकून बसलेला आहे, तो ओळखपत्रही तपासतो आहे, पण सगळे गठ्ठे मात्र बाहेरच्या व्हरांड्यात बाकावर ठेवलेले आहेत. ज्याला ठाऊक आहे तो खिडकीकडे फिरकणारच नाही. पुष्कळशा संकेतस्थळांचे नेमके असेच झालेले असते.

संकेतस्थळ ज्या संगणकावर ठेवलेले असते त्यावर दोन निरनिराळे नोकर काम करतात, असे समजा. पहिला वेब सर्व्हर. अपाचे आणि एनजिनएक्स ही त्यांतली दोन गाजलेली नावे. त्याचे काम सरळ असते. सार्वजनिक म्हणून ठरवून दिलेल्या एका फोल्डरातली वस्तू कोणी नावाने मागितली, की ती काढून द्यायची. कोण मागतो आहे, कशाला मागतो आहे, असे तो आपणहून विचारत नाही. चित्र मागा, चित्र देईल. पीडीएफ मागा, पीडीएफ देईल. दुसरा नोकर पीएचपी. तो विचार करू शकतो. पासवर्ड ताडून पाहणे, डेटाबेसात नोंद शोधणे, यादी तयार करणे ही त्याची कामे. रासमुस लेरडॉर्फ नावाच्या प्रोग्रामरने १९९५ मध्ये आपल्या वैयक्तिक पानासाठी बनवलेली ही साधने जगासमोर ठेवली, म्हणून त्याचे सुरुवातीचे नाव 'पर्सनल होम पेज टूल्स'. आज वर्डप्रेस पीएचपीवरच चालते. आणि तालुक्या-जिल्ह्याच्या गावी एखादा होतकरू पोरगा दवाखान्याला, शाळेला, पतसंस्थेला संकेतस्थळ करून देतो, तेव्हा तेही बहुतेक वेळा पीएचपीतच असते. स्वस्त होस्टिंगवर ते तयार मिळते.

घोटाळा होतो तो या दोन नोकरांच्या मधल्या फटीत. लॉगिनचे पान पीएचपीने बनवलेले असते, त्यामुळे तिथे चौकशी होते. पण रिपोर्टची पीडीएफ 'अपलोड्स' नावाच्या एखाद्या सार्वजनिक फोल्डरात टाकलेली असते. तिचा पत्ता थेट मागितला की मागणी जाते पहिल्या नोकराकडे. दुसऱ्याला, म्हणजे चौकशी करणाऱ्याला, या व्यवहाराचा पत्ताही लागत नाही. संकेतस्थळ बनवणारा मात्र निर्धास्त असतो. त्याने स्वतः लॉगिन न करता यादीचे पान उघडून पाहिलेले असते आणि ते उघडलेले नसते. पान लपले, फाइल उघडी राहिली.

याची किंमत काय होऊ शकते, ते महाराष्ट्राने २०१६ च्या डिसेंबरात पाहिले आहे. मुंबईतल्या एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेचे रुग्णांचे अहवाल इंटरनेटवर कोणालाही वाचता येतील असे पडलेले सापडले. ऑस्ट्रेलियातले सुरक्षा-अभ्यासक ट्रॉय हंट यांनी ते जगापुढे आणले. गळतीत आपला ईमेल सापडला आहे का, हे तपासून देणारे 'हॅव आय बीन पोन्ड' हे संकेतस्थळ चालवणारे तेच हे हंट. त्यांनी अहवालांची संख्या ४३ हजारांहून अधिक सांगितली, आपल्याकडच्या वृत्तपत्रांत ३५ हजारांहून अधिक असा आकडा आला. त्यांत एचआयव्ही चाचणीचे अहवाल होते, नावासकट.

यात 'हॅकर' म्हणावे असे कोणी नव्हते. कुलूप तोडलेले नव्हते, कारण कुलूपच नव्हते. फोल्डरात काय काय आहे याची यादीसुद्धा सर्व्हर मागेल त्याला दाखवत होता. अपाचेमध्ये ही यादी दाखवण्याची सोय असते. ती बंद केलेली नसेल आणि फोल्डरात मुख्य पान नसेल, तर पांढऱ्या पानावर फाइलींच्या नावांची रांग उभी राहते. शोधयंत्रांचे यंत्रमानव अशा रांगा आनंदाने वाचतात. मग एखाद्याचे नाव गुगलवर टाकले की त्याचा रक्ताचा रिपोर्ट समोर येणे ही कल्पनेतली गोष्ट राहत नाही.

थायराइडचा आकडा बाहेर गेला म्हणून काय बिघडते, असे कोणी म्हणेल. काकूंच्या बाबतीत कदाचित काही बिघडणार नाही. पण याच प्रयोगशाळांत गरोदरपणाची चाचणी होते, एचआयव्हीची होते, सिकलसेलची होते, वीर्याची होते. आपल्या जिल्ह्याला तर हे वेगळे समजावून सांगायला नको. २०२४ संपून २०२५ लागताना शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. आयसीएमआरचे पथक येऊन गेले, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. पण गावकऱ्यांचे टक्कल पडलेले फोटो देशभर फिरले ते फिरलेच. पोरीबाळींची लग्ने जुळायला अडचण येते आहे, लोक गावात यायला बिचकत आहेत, अशा बातम्या तेव्हा आपणच वाचल्या. केस पुढे उगवतातही. नावाला चिकटलेली गोष्ट निघायला वेळ लागतो.

तर मग रिपोर्ट नीट ठेवायचे कसे? संकेतस्थळे बनवणारी मुलेही हे सदर वाचतात, म्हणून थोडे तपशिलात सांगतो. बाकीच्यांनी तहसिलीतली ती खिडकी डोळ्यांसमोर ठेवली तरी पुरे.

पहिली गोष्ट, गठ्ठे व्हरांड्यातून आत न्यायचे. होस्टिंगच्या खात्यात सहसा 'पब्लिक एचटीएमएल' नावाचा फोल्डर असतो. जगाला दिसते ते एवढेच. रिपोर्टच्या फाइली या फोल्डरात ठेवायच्याच नाहीत. त्याच्या शेजारी, एक पायरी वर, दुसरा फोल्डर करायचा आणि तिथे ठेवायच्या. आता त्या फाइलीला इंटरनेटवर पत्ताच उरत नाही. पहिला नोकर कितीही भोळा असला तरी ती देऊ शकत नाही. निम्मे काम इथेच होते आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

काही जण फाइली जिथल्या तिथे ठेवून अपाचेच्या 'एचटीअ‍ॅक्सेस' नावाच्या छोट्या फाइलीत "इथे कोणाला येऊ देऊ नको" असे लिहितात. चालते. पण उद्या होस्टिंग बदलले आणि नव्या ठिकाणी एनजिनएक्स असला, तर तो ही फाइल वाचतसुद्धा नाही. पाटी तशीच राहते आणि दार उघडे होते. भिंतीआड ठेवलेल्या वस्तूला पाटीची गरज पडत नाही.

दुसरी गोष्ट, खिडकी. रिपोर्ट मागायचा तो एका पीएचपी पानाकडे. मागणी आली की त्या पानाने आधी माणूस ओळखायचा. इथे इंटरनेटची एक अडचण आहे. वेबची मूळ भाषा विसराळू आहे. तुम्ही एक पान मागितले आणि दुसऱ्याच क्षणी दुसरे मागितले, तर दोन्ही वेळा मागणारे तुम्हीच आहात हे सर्व्हरला कळत नाही. यावर तोडगा म्हणून १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीच्या लू माँटुली यांनी कुकी शोधली. लॉगिन झाले की सर्व्हर तुमच्या ब्राउझरला एक लांबलचक बिल्ला देतो आणि त्या बिल्ल्याचा मालक कोण, याची नोंद स्वतःकडे ठेवतो. या नोंदीला सेशन म्हणतात. पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर ब्राउझर बिल्ला दाखवतो. पीएचपीमध्ये हे सगळे 'सेशन स्टार्ट' या एका आज्ञेवर चालू होते. बराच वेळ काही हालचाल झाली नाही, तर नोंद काढून टाकण्याजोगी ठरते. पीएचपीत मुळातून ठरलेली मुदत आहे १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे.

बिल्ला नसेल तर त्या माणसाला लॉगिनच्या पानावर पाठवायचे. इथे एक चूक मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे, की ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्रोग्राम लिहिणारा "लॉगिनकडे जा" असा आदेश देतो आणि पुढे 'एक्झिट' लिहायला विसरतो. ब्राउझर गुणी बाळासारखा लॉगिनकडे जातो, म्हणून सगळे ठीक दिसते. प्रत्यक्षात पीएचपी थांबलेले नसते. ते खालच्या ओळी वाचत राहते आणि फाइलही पाठवून मोकळे होते. जो ब्राउझर वापरत नाही, स्वतःच्या छोट्या प्रोग्रामने मागणी करतो, त्याला ती मिळते. कारकुनाने "बाहेर जा" म्हणावे आणि म्हणता म्हणता नक्कलही हातात ठेवावी, तसा हा प्रकार.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आहे आणि सगळ्यांत जास्त विसरली जाते. माणूस कोण हे कळले, पण हा रिपोर्ट त्याचा आहे का? समजा माझेही त्या प्रयोगशाळेत खाते आहे. मी रीतसर लॉगिन केले, बिल्ला मिळवला आणि माझ्या रिपोर्टचा क्रमांक ४५१२ आहे. मी ४५१३ मागितला तर? पान फक्त बिल्ला पाहत असेल तर ते ४५१३ खुशाल देईल. तो तर शेजारच्या गावच्या एखाद्या मुलीचा असेल. म्हणून डेटाबेसाला प्रश्न विचारताना नुसता क्रमांक देऊन भागत नाही. "४५१३ क्रमांकाचा आणि या माणसाच्या नावावरचा रिपोर्ट आहे का", असे दोन्ही एकदम विचारावे लागते. नसेल तर "असे काही इथे नाही" एवढेच उत्तर द्यायचे. "आहे, पण तुम्हाला देणार नाही" असेही म्हणायचे नाही, कारण 'आहे' हीसुद्धा माहितीच आहे.

ही चूक फक्त लहान गावच्या संकेतस्थळांत होते असे नाही. अमेरिकेत फर्स्ट अमेरिकन नावाची घरांच्या व्यवहारांचे विमे उतरवणारी बडी कंपनी आहे. २०१९ च्या मे महिन्यात पत्रकार ब्रायन क्रेब्स यांनी दाखवून दिले, की तिच्या संकेतस्थळावरच्या लिंकमधला आकडा बदलला की दुसऱ्याचे कागद उघडतात. बँक खाती, कराचे कागद, ओळखपत्रे, सगळे. मोजले तर सुमारे ८८ कोटी ५० लाख कागद उघडे होते. वेब सुरक्षेवर काम करणारी ओवास्प ही संस्था दर काही वर्षांनी सर्वांत गंभीर दहा दुबळेपणांची यादी काढते. त्या यादीत "ज्याला जे पाहण्याचा हक्क नाही ते त्याला दिसणे" हा दोष २०१७ मध्ये पाचवा होता, २०२१ मध्ये पहिला आला.

चौकशीची ही पायरी पार पडली की मग फाइल द्यायची. पीएचपी ब्राउझरला आधी दोन-तीन सूचना पाठवते : येत आहे ती पीडीएफ आहे, तिचे नाव अमुक, ती कुठेही साठवून ठेवू नको. मग 'रीडफाइल' या आज्ञेने आतल्या फोल्डरातली फाइल वाचून पुढे ढकलते. साठवू नको ही सूचना नेटकॅफेत किंवा महा ई-सेवा केंद्रात रिपोर्ट काढणाऱ्यांसाठी फार मोलाची आहे. तुमच्या मागून त्याच संगणकावर बसणाऱ्याला मागचे पान उघडता येऊ नये. नवशिक्यांना छळणारी आणखी एक बारीक गोष्ट : प्रोग्रामात सुरुवातीला एखादी रिकामी ओळ राहिली तरी ती फाइलच्या आधी चिकटून जाते, कधी सूचनाच जात नाहीत, आणि मग रुग्णाचा फोन येतो, "तुमचा रिपोट उघडत नाही." वैतागून कोणी तरी फाइल परत सार्वजनिक फोल्डरात टाकतो. असे झालेले मला ठाऊक आहे.

फाइल मागणाऱ्याने पाठवलेले नाव जसेच्या तसे वापरायचे नाही, हेही इथेच सांगायला हवे. नावात दोन टिंबे आणि एक तिरकी रेघ टाकली की संगणक एक पायरी वरच्या फोल्डरात जातो. अशा चार पायऱ्या चढून भलत्याच फाइली, अगदी डेटाबेसाचा पासवर्डसुद्धा, काढून नेता येतो. म्हणून मागणाऱ्याकडून फक्त क्रमांक घ्यायचा. खरे नाव डेटाबेसातून काढायचे, आणि अपलोड करताना ते नाव यंत्रानेच दिलेले असले तर उत्तम.

एक्स-रे, सीटी स्कॅन यांच्या फाइली जड असतात. त्या पीएचपीतून ओढत बसलो तर सर्व्हर धापा टाकतो. अशा वेळी पीएचपीने फक्त चौकशी करायची आणि "याला ही फाइल दे" अशी आतल्या आत चिठ्ठी वेब सर्व्हरला द्यायची, अशी सोय अपाचे आणि एनजिनएक्स दोन्हींत करता येते.

स्कॅनचा विषय निघालाच आहे तर सांगतो. २०१९ मध्ये जर्मनीतल्या ग्रीनबोन नेटवर्क्स या कंपनीने जगभरच्या रुग्णालयांतले एक्स-रे, सीटी, एमआरआयच्या प्रतिमा साठवणारे सर्व्हर तपासले. कित्येक सर्व्हर पासवर्डाविना इंटरनेटला जोडलेले निघाले. भारतातल्या १२ कोटींहून अधिक प्रतिमा त्यांत होत्या आणि राज्यांत पहिला क्रमांक महाराष्ट्राचा होता, तीन लाखांहून अधिक तपासण्यांचे संच. तिथे पीएचपीचा संबंध नव्हता, यंत्रणा वेगळी होती. रोग मात्र तोच. प्रतिमांसोबत रुग्णाचे नाव आणि जन्मतारीख असे.

"पण आमची लिंक कोणाला ठाऊक असणार?" असा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. काकूंच्या प्रयोगशाळेतही मला तोच ऐकवला गेला. लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे जाते, घरच्या ग्रुपवर पडते, औषधाच्या दुकानातल्या मुलाच्या फोनवर जाते. शिवाय लिंकच्या शेवटी चार-सहा अंकी क्रमांक असेल तर ती ठाऊक असावीच लागत नाही, मोजता येते. काही जण 'रोबोट्स' नावाच्या फाइलीत शोधयंत्रांना "हा फोल्डर वाचू नका" असे लिहून ठेवतात. पण ती फाइल स्वतः सगळ्यांना वाचता येते. म्हणजे दागिने कुठे ठेवलेत ते दारावरच लिहून ठेवल्यासारखे झाले.

लॉगिन नकोच असेल, कारण म्हाताऱ्या माणसांना ते झेपत नाही, तर मधला मार्ग आहे. लिंकमध्ये क्रमांकाऐवजी यंत्राने काढलेली, अंदाज बांधता येणार नाही अशी लांब अक्षरमाळ टाकायची, ती दोन-तीन दिवसांत निकामी करायची आणि उघडताना ओटीपी किंवा निदान जन्मवर्ष विचारायचे. जन्मवर्ष हे लेचेपेचे कुलूप आहे हे मान्य. पाच चुकांनंतर थांबवले, तर काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरे.

कायदा काय म्हणतो? माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांनी वैद्यकीय नोंदींना संवेदनशील वैयक्तिक माहिती ठरवले आणि ती सांभाळण्यात हयगय झाल्यास कलम ४३-अ खाली भरपाईची तरतूद आहे. एचआयव्हीबाबतचा २०१७ चा स्वतंत्र कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. अशा नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक आस्थापनेने त्या सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था केली पाहिजे, असे तो सांगतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवली गेली. दंडाचा आकडा ऐकून छोट्या प्रयोगशाळेच्या मालकाला घाम फुटेल. पण फाइली एका फोल्डरातून दुसऱ्यात नेणे आणि तीस-चाळीस ओळींचे पान लिहिणे हे एका जाणत्या माणसाचे दोन दिवसांचे काम आहे.

वाचकांनी काय करावे? तुमच्याकडे आलेली स्वतःच्या रिपोर्टची लिंक घरातल्या दुसऱ्या फोनवर किंवा ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडून पाहा. काही न विचारता उघडली, तर प्रयोगशाळेला कळवा, शक्यतो लेखी. लिंकमधला आकडा बदलून दुसऱ्याचा रिपोर्ट उघडण्याच्या फंदात मात्र पडू नका. त्यात दुसऱ्याच्या खासगीपणाचा भंग आहे आणि विनापरवाना प्रवेश म्हणून कायद्याचे बोट तुमच्याकडेच वळू शकते. मीही तो मोह म्हणूनच आवरला. प्रयोगशाळा दाद देत नसेल, तर अशा त्रुटी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेला कळवता येतात. आणि रिपोर्ट पाठवायचाच असेल तर डॉक्टरांना एकट्याला पाठवा, ग्रुपवर नको.

मी त्या प्रयोगशाळेला फोन केला. पहिल्यांदा "सॉफ्टवेअरवाल्याशी बोलतो" म्हणाले. दुसऱ्यांदा, तो माणूस आता पुण्याला असतो, असे कळले. तिसऱ्यांदा मी त्यांच्या व्यवस्थापकाला त्यांचाच एक जुना रिपोर्ट त्यांच्याच फोनवरून, लॉगिन न करता, उघडायला सांगितला. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. दोन महिन्यांनी काकूंची पुढची तपासणी झाली, तेव्हा लिंकने ओटीपी मागितला आणि जुनी लिंक उघडेनाशी झाली.

आता नवीच पंचाईत झाली आहे. काकूंच्या नावावर नोंदलेला मोबाइल नंबर त्यांच्या मुलाचा, आणि मुलगा चाकणला कंपनीत. ओटीपी त्याच्याकडे जातो. तो पाळीवर असला की फोन लॉकरमध्ये. दोनदा ओटीपीची वेळ टळली, तेव्हा काकू पिशवी घेऊन मलकापूरच्या एसटीत बसल्या आणि कागदी रिपोर्ट घेऊन आल्या. परवा मी त्यांना म्हटले, काकू, पुढच्या वेळी नमुना देताना तुमचाच नंबर लिहायला सांगा. त्या म्हणाल्या, "मले ओटीपी वाचता आला असता तं तुह्याकडे काहून आली असती?" नंबर आता त्यांच्या सुनेचा लावला आहे. ती मोताळ्यातच असते. तिला काय दाखवायचे आणि काय नाही, ते काकू पाहून घेतील.